मालवण, १६ मे २०२१ : एका रांगेचा घटनाक्रम

शुक्रवार, १४ मे, सकाळी ८.३०

लक्षद्वीपजवळ अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं, त्याचा अवदाब झाल्याची नोंद भारतीय हवामान खात्यानं केली. त्या दिवशी अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद दोन्ही होत्या. करोनाच्या निर्बंधांमुळे मालवणची बाजारपेठ जवळजवळ बंद होती.

आमच्या माडीवरच्या खोलीतून मुंबईपर्यंत पिंग जाऊन यायला २४ मिलिसेकंद लागत होते. मी दिवसातून चार वेळा हा आकडा वहीत लिहीत असे. ती वही अजून माझ्याकडे आहे. खालच्या वेळा तिच्यातल्या आहेत, वादळाच्या वेळा हवामान खात्याच्या.

तेव्हा मी आणि माझा भाचा मिळून शहराच्या दक्षिणेच्या वाड्यांमध्ये एक छोटी ब्रॉडबँड लाइन चालवत होतो. ११२ घरं. प्रत्येक घराला ३० एमबीपीएसचा प्लॅन विकलेला. म्हणजे कागदावर ३,३६० एमबीपीएस. वरून आम्ही विकत घेत होतो १५०. या धंद्यात हे लपवण्यासारखं नाही, सगळी घरं एकाच क्षणी लाइन ओढत नाहीत या हिशेबावर जगभरचं ब्रॉडबँड उभं आहे. फक्त ज्या दिवशी ओढतील, त्या दिवशी वाटणी कोण करणार, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे ते ठरलेलं नव्हतं. जो आधी येईल तो पुढे, एवढाच नियम.

शुक्रवार, रात्री ११.३०

अवदाबाचं चक्रीवादळ झालं. नाव ‘तौक्ते’. म्यानमारनं सुचवलेलं, अर्थ मोठ्यानं ओरडणारी पाल.

पिंग २६.

शनिवार, १५ मे, दुपारी ४

समुद्रात गेलेल्या होड्या परत येत होत्या. यांत्रिक मासेमारी १ जूनपासून बंद होणार होती. हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस, त्यामुळे कुणीही खुशीनं परतलेलं नव्हतं. आमच्या शेजारचे अण्णा जुने तांडेल. त्यांचा धाकटा भाऊ त्यांची होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी थांबला होता. तिथं पूर्वेच्या वाऱ्यापासून आडोसा होता, म्हणून ती जागा.

संध्याकाळी तौक्ते ‘तीव्र’ झालं. वाऱ्याचा वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असला की खातं हा शब्द वापरतं.

शनिवार, रात्री ९.४०

लाइनवर १३१ एमबीपीएस. पिंग १९०.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत तेव्हा लाइन किती भरावी याची एक रेघ आखलेली होती. गर्दीच्या वेळी दुव्याचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा होता. आमच्या १५० चे ८० टक्के म्हणजे १२०. रेघ ओलांडलेली होती, आणि त्या वर्षी ती जवळजवळ रोज रात्री ओलांडली जात होती. मुंबई-पुण्याचे चाकरमानी वर्षभर गावीच होते. एका घरात एक मोबाइल असायचा, तिथं आता दोन लॅपटॉप आणि चार मोबाइल होते.

हा आकडा मी आधीही पाहिला होता. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविनवर लसीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा गावातली सगळी तरुण पोरं एकदम साइटवर गेली. साइट अडकली. माझ्या वहीत तेव्हाही १९० लिहिलेलं आहे. साइटचाच दोष आहे असं मी धरलं, कारण साइटचा दोष होताच. आमची लाइनही त्याच वेळी आजारी होती, हे त्यामुळे झाकलं गेलं.

त्याहून जुनी एक खूण होती. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आम्ही कडेला होतो, तरी लाइन तुंबली आणि पॅकेट पडू लागली. ग्राहकांचे फोन आले. मी गेटवेवरची, म्हणजे सगळी लाइन जिथून बाहेर जाते तिथली, रांग १,००० पॅकेटांवरून ४,००० केली. पॅकेट पडायची थांबली, स्पीड टेस्ट सुधारली, फोन बंद झाले. मी समाधानानं वहीत ‘दुरुस्त’ असं लिहिलं.

एक पॅकेट १,५०० बाइटचं. चार हजार पॅकेटं म्हणजे ६ एमबी, ४८ मेगाबिट. रस्ता १५० चा असेल तर ही रांग संपायला ०.३२ सेकंद लागतो. कुणाला जाणवत नाही. रस्ता अरुंद झाला तर काय, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

शनिवार, रात्री १०.१५

भाचा म्हणाला, “मामा, आज डिस्क बदलूया.”

आमचा गेटवे म्हणजे एक जुना संगणक होता, त्यावर जुनं लिनक्स. २०१२ पासून लिनक्समध्ये एफक्यू-कोडेल नावाची सोय आहे. ती प्रत्येक संवादाला वेगळी छोटी रांग देते आणि सगळ्या रांगांमधून आळीपाळीनं एकेक घास उचलते. मोठी फाइल पाठवणारा मोठ्या फाइलच्या मागेच थांबतो, दोन शब्द पाठवणारा लगेच सुटतो. कुठल्याही रांगेत पॅकेट फार वेळ पडून राहिलं की त्या रांगेतलं एक टाकून देते, म्हणजे पाठवणाऱ्याला हळू व्हायचा इशारा मिळतो. फार वेळ म्हणजे किती, तर ५ मिलिसेकंदांहून जास्त, आणि तेही काही काळ सलग. रेशनच्या रांगेत एकजण वाडीभरच्या पिशव्या घेऊन उभा असेल तर एका पिशवीवाल्याला आधी सोडतात, तसंच हे. आमचं लिनक्स त्याच्याही आधीचं. भाच्यानं नवी डिस्क आठवडाभर आधी तयार करून ठेवली होती. ती घालायला गेटवे २० मिनिटं बंद ठेवावा लागणार होता.

त्या वेळी लाइनवर एका घरातून डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल चालू होता. घरात करोनाचा रुग्ण होता, ऑक्सिजनची पातळी मोजून डॉक्टरांना दाखवत होते. हे मला माहीत होतं, कारण त्यांनीच दुपारी फोन करून ‘आज रात्री नेट घालवू नकोस’ म्हणून सांगितलं होतं.

मी म्हटलं, “उद्या दुपारी करू.”

तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही. पण आठवडाभरातल्या उरलेल्या सहा रात्री कुणाचाही कॉल चालू नव्हता.

रविवार, १६ मे, पहाटे २.३०

तौक्ते ‘अतितीव्र’. ताशी ११८ किलोमीटरच्या वर.

पहाटे ५.३०

केंद्र पणजीपासून सुमारे १३० किलोमीटरवर, समुद्रात. वादळ इथं जमिनीवर येणार नव्हतं, किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकणार होतं. मालवणात रात्रभर पाऊस, वारा पूर्वेकडून. माडांच्या झावळ्या सगळ्या समुद्राकडे वळलेल्या.

पिंग २६. गाव झोपेत होतं.

सकाळी ७.१०

पहिले व्हिडिओ निघाले. दांडीच्या किनाऱ्यावरच्या लाटा, उडालेला पत्रा, आडवा झालेला माड. मुंबईतल्या नातेवाइकांना दाखवायला, आणि त्यात काही गैर नव्हतं.

व्हॉट्सअॅपवर तेव्हा १६ एमबीपर्यंतचा व्हिडिओ जात असे. म्हणजे १२८ मेगाबिट, आमची पूर्ण लाइन पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ. पाच घरांनी आपापले ३० एमबीपीएस पूर्ण वापरले की १५० संपत होते. सात वाजून दहा मिनिटांनी अशी पाचांपेक्षा जास्त घरं होती.

पिंग ३४४. त्यातले २४ मुंबईपर्यंतचे. ३२० माझ्या रांगेचे.

सकाळी ९.५०

वीज गेली.

आमच्या खोलीत १५० एएचची बॅटरी होती, गेटवे चालू राहिला. घराघरांतले राउटर बंद पडले. लाइन एकदम मोकळी झाली. पिंग ३१.

हा आकडा पाहून मला हायसं वाटलं. भाच्यालाही वाटलं. त्या वीस मिनिटांत डिस्क बदलता आली असती. ग्राहक जवळजवळ नव्हतेच. पण लाइन नीट चालत असताना गेटवे बंद करायचा हात होईना. आम्ही चहा केला.

सकाळी १०.१०

इन्व्हर्टर असलेली घरं शिल्लक होती. त्यांनी शेजाऱ्यांना दार उघडलं. कोकणात अशा वेळी दार बंद ठेवत नाहीत. एका वायफायवर दहा-पंधरा फोन जोडले गेले. मोबाइलच्या टॉवरांवर आधीच गर्दी, कॉल लागत नव्हते, म्हणून सगळ्यांचा भरवसा या वायफायवर. वीज जाण्याआधीचे अडकलेले व्हिडिओ फोनांमध्ये तसेच होते. ते आपोआप पुन्हा निघाले.

पिंग ३४०.

सकाळी १०.३५

कुडाळच्या रस्त्यावर कुठेतरी झाड कोसळलं, खांब गेला, त्यावरची आमची फायबर तुटली. कुठे ते आम्हाला चार दिवसांनी कळलं.

लाइन आपोआप रेडिओवर गेली. छपरावर एक डिश होती, टेकडीवरच्या दुसऱ्या डिशकडे रोखलेली. तिची ताकद ४० एमबीपीएस. रेडिओ भरला की तो गेटवेला थांब म्हणायचा, आणि गेटवे आपल्याकडची रांग धरून ठेवायचा. रांग होती तेवढीच, ४,००० पॅकेटं. ४८ मेगाबिटला ४० नं भागलं की १.२ सेकंद.

पिंग १,२२१.

सकाळी १०.५२

पिंगची काही उत्तरं येईनाशी झाली.

फोन एखादं पॅकेट पाठवतो, पोच येण्याची वाट पाहतो. नव्या जोडणीसाठी ही वाट पहिल्यांदा साधारण एक सेकंदाची असते. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर तो धरून चालतो की पॅकेट हरवलं, आणि पुन्हा पाठवतो. आमच्याकडे ते हरवलेलं नव्हतं, रांगेत उभं होतं. त्याच्या मागे त्याचीच दुसरी प्रत येऊन उभी राहायची. रांग अशा प्रतींनी भरत होती.

१९८४ साली जॉन नेगल यांनी नेटवर्कच्या या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं होतं, पुढच्याच वर्षी रांगा न्यायानं कशा वाटाव्यात यावरही लिहिलं होतं. मग ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला दुवा ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटवर आला. दोन्ही जागांत अंतर होतं सुमारे ४०० यार्डांचं. तार तुटली नव्हती. व्हॅन जेकबसन यांनी त्यानंतर जे उपाय शोधले, त्यांच्या पायावर आजचा प्रत्येक फोन बोलतो. त्या उपायांना पॅकेट पडलेलं दिसावं लागतं, तरच ते वेग कमी करतात. मी पॅकेट वेळेवर पडूच नये याची व्यवस्था करून ठेवली होती.

सकाळी ११.०७

अण्णा आमच्या खोलीत आले. हातात फोन. हवामान खात्याचं सकाळी ८.३० च्या स्थितीचं पत्रक त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. केंद्र पणजीच्या पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटर, मुंबईच्या दक्षिणेला ४२०. त्यांनी बोटानं हवेत रेघ ओढली. केंद्र असंच वर सरकलं तर दुपारपर्यंत मालवणच्या समोर येणार. आता पूर्वेचा असलेला वारा तेव्हा दक्षिणेचा होणार, मग नैऋत्येचा. खाडीच्या तोंडाशी ज्या बाजूला आडोसा होता, तीच बाजू उघडी पडणार.

त्यांनी भावाला लिहिलं : “वारो फिरतलो. आताच्या आता होडी पलीकडच्या बाजूक ने. दोन दोरये बांध.”

ओळींच्या कोपऱ्यात घड्याळाचं चिन्ह आलं. संदेश अजून फोनमधून बाहेर पडलेला नाही, असा त्याचा अर्थ.

त्या संदेशाचं वजन एक किलोबाइटही नव्हतं.

सकाळी ११.२०

वाऱ्यानं डिश हलू लागली. नेम चुकला की रेडिओ स्वतःहून सावकाश बोलू लागतो. ४० चे १२ एमबीपीएस झाले.

४८ भागिले १२. पिंग ४,०२६.

अण्णांच्या संदेशाला या अरुंद रस्त्यावरूनही जायला एक मिलिसेकंद पुरला असता. पण रांगेत उभं राहून वाट पाहायला चार सेकंद लागत होते. आणि एकाच वाटेनं भागत नाही. फोन आधी दार ठोठावतो, उत्तर येतं, मग ओळख पटवतो, पुन्हा उत्तर, मग संदेश देतो. दर वेळी चार सेकंद, मध्येच एखादं पॅकेट भरलेल्या रांगेबाहेर पडलेलं. ठरलेल्या वेळात सगळं जुळलं नाही की अॅप पहिल्यापासून सुरुवात करतं.

अण्णा खुर्चीत बसले. अधूनमधून साधा फोन लावून पाहत होते. लागत नव्हता.

सकाळी ११.४१

भाच्यानं विचारलं, “मामा, डिस्क?”

वीस मिनिटं सगळं बंद. बॅटरीवर. पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मी नको म्हटलं.

मी दुसरं केलं. सगळ्यात जास्त पाठवणारी तीन घरं लाइनवरून काढली. पिंग ४,०१९. सात मिलिसेकंदांचा फरक, तोही योगायोगाचा. रांग भरायला एकच मोठी फाइल पुरते, आणि तिच्या मागे सगळे थांबतात. तीन काढली तरी चौथं घर होतंच.

जे करायला हवं होतं ते एका ओळीचं काम होतं. निसर्गनंतर ज्या आज्ञेनं मी १,००० चे ४,००० केले, त्याच आज्ञेत ४,००० च्या जागी १०० लिहायचे. संगणक बंद करावा लागला नसता. १२ एमबीपीएसवर १०० पॅकेटांची रांग एका सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. व्हिडिओ वरचेवर पडले असते, लोक चिडले असते, वाटणी तरीही न्यायाची झाली नसती. पण घड्याळाचं चिन्ह गेलं असतं. ती आज्ञा वहीत होती, माझ्याच अक्षरात, ‘दुरुस्त’ या शब्दाच्या वर. वही माझ्या मांडीवर होती, मी तिच्यात आकडे लिहीत होतो.

दुपारी १२.०४

६ एमबीपीएस. पिंग ८,०३३.

बाहेर वारा बदलत होता. झावळ्या आता समुद्राकडे नव्हत्या, उत्तरेकडे होत्या. अण्णांनी खिडकीतून एकदा पाहिलं आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

दुपारी १२.२६

पिंग ८,०३१. वहीतला त्या दिवसाचा शेवटचा आकडा.

पुढच्या मिनिटाला छपरावर धातूचा आवाज झाला. डिश खांबासकट खालच्या विहिरीच्या कठड्यावर पडली.

दुपारी १२.३० नंतर

अण्णांच्या भावाच्या सांगण्यावरून : साडेबारा आणि एकच्या मध्ये दोरी तुटली. तो किनाऱ्यावर होता. होडी खडकांवर तीनदा आपटली, तिसऱ्यांदा फुटली. इंजिन आतच राहिलं.

त्याच दिवशी उत्तरेला देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. मालवणला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. कळायला वाटच नव्हती.

सोमवार, १७ मे, रात्री ८ ते ११

तौक्ते दीवच्या पूर्वेला, उन्याजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. मालवणात अंधार होता.

गुरुवार, २० मे

मोबाइलचं नेटवर्क अधूनमधून येऊ लागलं. अण्णांच्या फोनवरचं घड्याळ जाऊन एक खूण आली, मग दोन. भाऊ समोरच बसला होता, लाकडाच्या फळ्या वेगळ्या करत. त्यानं खिशातून फोन काढला, वाचलं आणि परत ठेवला.

शुक्रवार, २१ मे

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पाहणीला आले. पंचनामे सुरू झाले. घरं, माड, आंब्याची कलमं, होड्या. पंचनाम्याच्या कागदावर न पोहोचलेल्या संदेशाला रकाना नसतो, आणि तो असावा असं माझं म्हणणंही नाही.

शनिवार, २९ मे, सकाळी ११

दोन दिवसांपूर्वी फायबर जोडली होती. त्या सकाळी डिस्क बदलली. वीस मिनिटांचं काम अठरा मिनिटांत झालं. भाच्यानं पाच घरांना सांगून एकाच वेळी मोठे व्हिडिओ पाठवायला लावले. १५० च्या लाइनवर बांध १४० चा घातला होता. लाइन १४० वर भरली, तशीच भरलेली राहिली.

पिंग २९.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, मग डिस्ककडे पाहिलं.

“ह्यां आदीपासून होतां?”

“होतं,” मी म्हटलं.